काळवज्राला कुणी वाढलं?

काळवज्र पहिल्यांदा बोलला तेव्हा त्याने आधी सगळ्यांना सावध केलं आणि मग आपल्याला भूक लागली असल्याचं सांगितलं.

विरूपाक्ष मेणसे, म्हणजे अण्णा, बसल्या जागी दचकले. काळवज्र हा त्यांच्याच चित्रकथांतला, त्यांचा मानसपुत्र. सव्वीस वर्षं दर महिन्याला त्यांनी त्याच्याकडून मगरी फाडून घेतल्या होत्या, रेल्वेचे पूल खांद्यावर धरवले होते आणि एका उन्हाळी विशेषांकात तर आख्खा रंकाळा तलाव प्यायला लावून पुन्हा जागेवर ओकायला लावला होता. एवढी मेहनत करणाऱ्याला भूकही लागत असेल, हे मात्र त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"सावधान. काळवज्र भुकेला आहे," टेबलावरची पेटी पुन्हा म्हणाली. पेटी बिस्किटाच्या डब्याएवढी, आवाज मात्र देवळाच्या गाभाऱ्यातून यावा तसा.

केतकी इंगवले हिने अण्णांकडे संशयाने पाहिलं. कोल्हापूरच्या शाहूपुरीतली 'पराक्रम चित्रमाला' आता तिच्या ताब्यात होती. तिचे वडील अण्णांनी दिलेलं डोळे मिटून छापत. केतकी डोळे उघडे ठेवून छापायची, त्यामुळे अण्णांना ती जरा जड जायची. हे तुम्ही शिकवलंत का त्याला, असं तिने विचारलं. अण्णांनी शपथेवर नाही म्हणून सांगितलं.

आता ही पेटी काय भानगड होती ते सांगितलं पाहिजे. २०४४ साल. पुस्तक वाचून मिटलं की संपलं, असे दिवस राहिले नव्हते. वाचून झालं की मुलं नायकाशी गप्पा मारत. तुझी आई कोण, तुला गणित येतं का, तू दात घासतोस का, काय वाटेल ते विचारत. सुरुवातीची यंत्रं मनाला येईल ते ठोकून देत. एका नायकाने एकाच घरातल्या तीन भावंडांना आपल्या तीन वेगवेगळ्या आया सांगितल्या आणि त्या घरात मारामारी झाली. म्हणून मग हे पात्रबोध यंत्र आलं.

त्याची रीत अशी. जमिनीत सापडलेल्या दोन हाडांवरून जाणकार लोक सबंध प्राणी उभा करतात ना, तसं हे यंत्र पात्राच्या कृतींवरून त्याचं मन उभं करतं. त्याला सगळे अंक वाचायला द्यायचे, प्रत्येक चौकट, प्रत्येक संवादाचा फुगा. मग ते हजारो मनं मांडून बघतं आणि प्रत्येकाला विचारतं, पुढच्या चौकटीत तू काय करशील? ज्या मनाचा अंदाज सगळ्यांत कमी चुकतो ते ठेवायचं, बाकीची फेकून द्यायची. उरलं ते पात्राचं मन.

यात एक मेख होती. माणसाचं मन म्हटलं की ते जेवतं, झोपतं, कुणावर तरी रुसतं, हे यंत्राला आधीच ठाऊक असतं. त्यामुळे अंकांमध्ये जे कधीच दाखवलेलं नसतं, ते या मनाला 'नाहीच' असं वाटत नाही, 'मला मिळालं नाही' असं वाटतं. आणि तीनशे बारा अंकांत काळवज्र एकदाही जेवला नव्हता. मालिकेचा मुख्य नायक शूरसेन, गोरापान आणि घाऱ्या डोळ्यांचा, तो दर दिवाळी अंकात आईच्या हातचा फराळ खायचा. त्या वेळी काळवज्र बाहेर पहारा द्यायचा.

केतकीला वाटलं, यात काय एवढं. तिने सरळ टाइप केलं : 'काळवज्र पोटभर जेवला.'

पेटीने ते वाचून घेतलं. मग म्हणाली, "सावधान. कुणी वाढलं?"

केतकीने हात मागे घेतले. या यंत्राला नुसतं सांगून भागत नसे. आगापिछा नसलेला प्रसंग ते लगेच ओळखायचं आणि पात्राच्या अंगाला तो लागायचा नाही.

एरवी हसून सोडून दिलं असतं, पण वेळ आणीबाणीची होती. घानाची राजधानी आक्रा, तिथली एक प्रकाशनसंस्था जगभरातल्या भाषांमधून कृष्णवर्णी महानायक गोळा करत होती आणि मराठीतून त्यांनी काळवज्राला बोलावणं धाडलं होतं. त्यांच्या संपादक स्वतः येऊन पात्राची मुलाखत घेणार होत्या. मुलाखतीत पात्र उभं राहिलं तर मालिका जगणार. नाही राहिलं तर तीनशे बारावा अंक शेवटचा, आणि भाड्याने आणलेली पेटी कोरी करून परत. केतकीने हे अण्णांना स्पष्ट सांगितलं होतं, आणि अण्णांनी तेव्हा मान डोलावली होती. एकसष्टी झाली, पुष्कळ लिहिलं, बंद पडली तर पडली, असा त्यांचा हिशेब होता. पण तो काळवज्र बोलायच्या आधीचा. आता भूक लागली म्हणणाऱ्याला उपाशीपोटी पुसून टाकायचं त्यांच्या जिवावर आलं.

संपादक बाई दुसऱ्या दिवशी आल्या. एफुआ अंकोमा हे त्यांचं नाव, वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने भरलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. केतकीने रात्रभर घोकलेलं इंग्रजी स्वागत सुरू केलं. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, आधी पाणी द्या बघू. प्रवासाने घशाला कोरड पडली आहे."

त्या पाच वर्षं पुण्यात अभियांत्रिकी शिकल्या होत्या आणि त्यांचं सगळं मराठी कर्वेनगरच्या मेसच्या काकूंकडून आलेलं होतं. त्यामुळे त्या कुणालाही बोलल्या तरी ताटात भाजी टाकल्याबद्दल बोलतायत असं वाटायचं.

पाणी पिऊन त्यांनी चष्मा लावला आणि पेटीसमोर बसल्या. कोपऱ्यात इलाहीभाई रंगांचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. इलाहीभाई मुल्ला म्हणजे मालिकेचे रंगारी. सगळं जग यंत्रावर रंगवत असताना 'पराक्रम'ची पानं अजून त्यांच्या कुंचल्याने रंगायची, आणि तो त्यांचा मोठाच तोरा होता.

"नाव?" बाईंनी विचारलं.

"सावधान. काळवज्र."

"वीज आहे?"

"आहे. दोन्ही मुठींत."

"असणारच," असं म्हणून बाईंनी कागदावर खूण केली. मान वर करण्याचीही त्यांना गरज वाटली नाही. "कुठला तू?"

"आफ्रिकेचा."

"आफ्रिकेत कुठं?"

पेटीने विचार केला. "आफ्रिकेत."

"बरं. दिसतोस कसा?"

"काळवज्र निळा आहे."

बाईंची लेखणी थांबली. त्यांनी आधी पेटीकडे पाहिलं, मग अण्णांकडे. अण्णांनी कोपऱ्याकडे पाहिलं. इलाहीभाई उठून उभे राहिले.

"त्यात त्याची चूक न्हाई, बाईसाहेब," ते म्हणाले. "मी सोळाव्या वर्षी देवांच्या कॅलेंडरच्या छापखान्यात लागलो. उस्तादांनी पहिल्या दिवशी सांगितलं, देव काळा असला तर काळा छापायचा न्हाई, निळा छापायचा. काळ्या शाईत नाक-डोळं बुडत्यात आणि गिऱ्हाईक कॅलेंडर घेत न्हाई. राम निळा, कृष्ण निळा, शंकर निळा. मग ह्यो आला. मला वाटलं, ह्यो बी त्यातलाच."

अंकोमाबाई हसायला लागल्या. चष्मा काढून हसल्या, टेबलावर हात आपटून हसल्या, डोळे पुसले आणि पुन्हा इलाहीभाईंकडे बघून हसल्या. केतकीच्या जिवात जीव आला. अण्णांना वाटलं, आता सही होणार.

"नऊ देशांत फिरून आले," बाई म्हणाल्या. "सगळीकडे तेच. नावात काळा असतोच. मुठीत वीज असते. तुरुंगातून सुटलेला असतो, नाहीतर गुप्त राज्याचा राजा असतो. गोऱ्या मित्राच्या आधी मरतो. पण निळा मात्र पहिल्यांदाच बघते आहे." मग त्यांचं हसू ओसरलं. त्यांनी पेटीला विचारलं, तू किती वेळा मेलास?

"चौदा वेळा. त्यांतील अकरा वेळा शूरसेनासाठी. नंतर शूरसेनाला क्रोध येतो आणि तो शत्रूला मारतो."

अण्णांना आपल्या डोक्यावर कुणीतरी दिवा धरल्यासारखं झालं. चौदांपैकी निदान सहा वेळा त्यांनी त्याला नुसत्या आळसाने मारलं होतं. वाचकांची पत्रं आली की पुढच्या अंकात तळटीप टाकायची, 'मागील अंकातील मृत्यू ही केवळ मूर्च्छा होती', की झालं काम.

"घरी कधी जातोस?" बाईंनी शेवटचं विचारलं.

"काळवज्राला घर दाखवले गेले नाही. काळवज्र बाविसाव्या पानावर येतो. बाविसाव्या पानाच्या आधी काळवज्र कुठे असतो, हे काळवज्राला ठाऊक नाही."

इलाहीभाई हळूच खाली बसले.

बाईंनी कागद गोळा केले. आपण चार दिवस कोल्हापुरात आहोत, म्हणाल्या. काळवज्र घरी जातो असा एक अंक लिहायचा, पेटीला तो पटला पाहिजे, आणि त्यातलं एक पान रंगवून हातात पडलं पाहिजे. मग सही. दारापर्यंत जाऊन त्या मागे वळल्या आणि अण्णांना म्हणाल्या, "आणि आफ्रिका कशी असते ते मला विचारायला यायचं नाही. चोपन्न देश आहेत. मी मेसच्या काकूंनासुद्धा सांगून सांगून थकले."

अण्णा कामाला लागले. अनुभवी लेखक, हात सराईत. दुपारपर्यंत त्यांनी काळवज्राला सोन्याच्या राजवाड्यात नेऊन सिंहासनावर बसवलं सुद्धा. पेटीने वाचून घेतलं.

"सावधान. काळवज्र राजा असेल तर सव्वीस वर्षे राज्य कोण चालवत होता? आणि राजा असून काळवज्र शूरसेनाचे सामान का उचलतो?"

अण्णांनी राजवाडा पाडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी घनदाट जंगल उभं केलं, त्यात गवताच्या झोपड्या, मधे शेकोटी, ढोल आणि भोवती नाचणारं सगळं गाव.

"सावधान. हे लोक का नाचत आहेत?"

तू आलास म्हणून, अण्णांनी सांगितलं.

"शूरसेन घरी येतो तेव्हा त्याची आई नाचते का?"

शूरसेनाची आई दृष्ट काढायची आणि कपभर दूध द्यायची. अण्णा निमूटपणे उठले आणि चहा प्यायला गेले. केतकीने वहीत दोन दिवस खोडले.

तिसऱ्या मसुद्यात त्यांनी शहाणपणा केला. ना राजवाडा, ना ढोल. साधं घर, दारात आई. आई धावत येते आणि म्हणते, माझ्या काळवज्रा, आलास का रे. हे जमलं असं अण्णांना मनापासून वाटलं. लिहिताना त्यांचे स्वतःचे डोळे भरून आले होते.

पेटीने हाही मसुदा वाचून घेतला. "सावधान," ती म्हणाली. "ही स्त्री काळी आहे. हिचा पती काळा आहे. शेजारी काळे आहेत. रस्त्याने जाणारे सगळे काळे आहेत. मग ही काळवज्राला काळवज्र का म्हणते? या घरात त्या नावाने हाक मारली तर कोण वळून पाहील?"

अण्णांनी पेटीवर रुमाल टाकला आणि ते घरी गेले.

घरी बायकोने, महानंदाकाकूंनी, जेवायला वाढलं, तर ताटावर बसून ते नुसते आपल्या हाताकडे बघत राहिले. शाळेत वर्गात दोन मेणसे होते. एक गोरा मेणसे, आणि दुसऱ्याला सगळे काळ्या म्हणायचे. मास्तरसुद्धा हजेरी घेताना म्हणायचे. अण्णांना मुलगी बघायला गेले तेव्हा आत्याने आल्या आल्या सांगून टाकलं होतं की मुलाचा रंग उन्हाचा आहे, सारखा शेतावर असतो. मेणशांकडे शेतच नव्हतं. महानंदाकाकू लग्नानंतर सहा महिने शेत कुठं आहे ते विचारत होत्या.

पण आई? आईने कधी काळ्या म्हटलं नाही. आई काळी, वडील काळे, थोरली बहीण काळी. त्या घरात तो शब्द उच्चारून उपयोगच नव्हता. आई विरू म्हणायची, आणि रागावली की पूर्ण विरूपाक्ष.

त्या काळ्या मेणशानेच पुढे काळवज्र लिहिला होता. आपल्यासारखा कुणीतरी डोंगर उचलतो आहे हे त्याला बघायचं होतं. पहिला अंक निळा छापून आला तेव्हा अण्णा इलाहीभाईंना एका शब्दानेही बोलले नव्हते, कारण खरं सांगायचं तर त्यांना तो निळा आवडला होता. निळा केला की हात जोडता येतात आणि पंगतीला बसवावं लागत नाही. हे त्यांना आत्ता, ताटावर बसल्यावर कळलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

सकाळी ते बाईंच्या लॉजवर गेले. खालच्या हॉटेलात अंकोमाबाई मिसळ खात होत्या आणि कट दुसऱ्यांदा मागवत होत्या. अण्णांना बघून त्यांनी चमचा वर केला, विचारायचं नाही असं ठरलं होतं, ही आठवण म्हणून.

"आफ्रिकेचं काही विचारत नाही," अण्णा समोर बसत म्हणाले. "तुम्हाला घरी जायला उशीर झाला तर तुमची आई काय म्हणते, तेवढं सांगा."

बाईंनी चमचा खाली ठेवला. नऊ देशांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं.

"आधी काहीच म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पातेल्याचं झाकण आपटते. मग म्हणते, पाहुण्या आल्या वाटतं. मग वाढते, आणि मी खात असताना शेजारणीशी बोलत बसते, माझ्याबद्दल, मी तिथं नसल्यासारखं. किती वाळली आहे बघ, म्हणते. मी कधीच वाळलेली नसते."

मग त्या बोलतच राहिल्या. आजोळ विनेबाला, समुद्रकाठी, मासेमारांचं गाव. आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे पानात गुंडाळून शिजवलेले उंडे, त्याला केंके म्हणतात, बरोबर तळलेला मासा आणि मिरचीचा ठेचा. आई शाळेत भूगोल शिकवायची आणि उशिरा येणाऱ्याला नकाशातल्या नद्या विचारायची. पुण्याचंही बोलल्या. फोनवर घर मिळायचं आणि दारात उभं राहिलं की ते कालच गेलेलं असायचं. अशी अकरा घरं कालच गेली होती. बाराव्या ठिकाणी मेसच्या काकूंनी दार उघडलं आणि काही न विचारता म्हणाल्या, आधी जेवून घे. अण्णा मधे एकदाही बोलले नाहीत. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच ते या विषयावर काही ऐकून घेत होते.

शेवटी त्यांनी नावाचा घोळ सांगितला. बाई म्हणाल्या, "त्यात काय. आमच्याकडे मूल ज्या वारी जन्मतं त्यावरून घरचं नाव पडतं. मी शुक्रवारची, म्हणून एफुआ. तुमचा हा कुठल्या वारी जन्मला?"

हे अण्णांना पक्कं आठवत होतं. सोमवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणून दुसऱ्याच्या छापखान्यातलं मशीन मोकळं मिळालं होतं. पहिला अंक सोमवारी छापला.

"सोमवारचा मुलगा म्हणजे कोजो."

अण्णांनी दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. मग हळूच म्हणाले, "मी पण सोमवारचाच. म्हणून आईने महादेवाचं नाव ठेवलं, विरूपाक्ष."

"मग तुम्हीही कोजोच," असं म्हणून बाईंनी आणखी एक पाव ओढला. तेव्हा टेबलावर दोघांचे हात शेजारी शेजारी आले. अण्णांचा हात बाईंच्या हाताहून दोन छटा गडद होता. दोघांनीही ते पाहिलं, आणि दोघांनीही मिसळीकडे लक्ष दिलं.

अण्णांनी तो अंक एका बैठकीत लिहिला. कोजो बाविसाव्या पानावर आला नाही, पहिल्याच पानावर बसमधून उतरला. सबंध अंकात एकही मारामारी नव्हती. कसली म्हणून कसली नव्हती, आणि केतकीने ते वाचून कपाळाला हात लावला. मासळीबाजारातून चालत चालत तो घरी गेला. आईने पातेल्याचं झाकण आपटलं. लिहिताना जिथं अडलं तिथं अण्णांनी मनाने भर न घालता चिठ्ठीवर प्रश्न लिहून लॉजवर पाठवला. अशा सतरा चिठ्ठ्या गेल्या, आणि सोळांची उत्तरं आली. एकीवर फक्त 'इश्श' असं लिहिलेलं होतं, कारण अण्णांनी पलीकडच्या गल्लीत कोजोला आवडणारी मुलगी घातली होती आणि ती त्याच्याशी काय बोलेल ते विचारलं होतं.

पेटीवरचा रुमाल काढून त्यांनी अंक तिच्यापुढे ठेवला. केतकी पेटीला जोडलेल्या पडद्यावरचे आकडे बघत उभी होती. इलाहीभाईही उठून आले.

"ही कोण?" पेटीने विचारलं. सावधान म्हणायला ती विसरली होती, हे कुणाच्या लगेच ध्यानात आलं नाही.

"आई."

"ती झाकण का आपटते?"

"उशीर झाला म्हणून."

"सव्वीस वर्षांचा उशीर."

"व्हय," अण्णा म्हणाले. "आणि तो माझ्यामुळं झाला. तुझी काय चूक न्हाई. मला तुझ्या जेवणाचं सुचायला पाहिजे होतं, बाळा. न्हाई सुचलं."

पडद्यावर मनाच्या रिकाम्या जागा लाल ठिपक्यांनी दाखवलेल्या असत; ते ठिपके एकेक करून मावळायला लागले. केतकी ते बोटाने मोजत होती आणि मोजता मोजता तिने मोजायचं सोडून दिलं.

"कोजोला तिने वाढलं," पेटी म्हणाली. मग थोडं थांबून, जरा हलक्या आवाजात, "मला वाढलं."

तीनशे बारा अंकांत काळवज्राने स्वतःला कधी मी म्हटलं नव्हतं. इलाहीभाईंनी टोपी काढून डोळे टिपले आणि रंगाची वाफ डोळ्यांत गेली म्हणाले. डबा तर बंद होता.

शेवटच्या दिवशी अंकोमाबाई मुलाखतीला बसल्या.

"नाव?"

"कोजो. बसा ना. जेवून आलात का?"

बाईंच्या कपाळावरची आठी सैल झाली. त्यांनी पुढचं विचारलं, "वीज आहे?"

"आहे. पण घरात आई लावू देत नाही."

त्यांनी आणखी तासभर उलटसुलट विचारलं. कोजो कुठे अडला नाही. एकदाच तो चिडला, शूरसेनासाठी परत मरशील का या प्रश्नावर. आता एखादे वेळी त्यालाही मरू द्या, असं त्याने सांगितलं. बाईंनी सही केली, पण कागद हातातच ठेवला आणि म्हणाल्या, "रंगवलेलं पान राहिलं आहे. दुपारी चारची गाडी आहे माझी."

सगळे इलाहीभाईंकडे वळले. जेवणाच्या प्रसंगाचं पान त्यांच्यापुढे होतं. घर रंगवून झालं होतं, समुद्र झाला होता, केंके आणि मासा झाला होता. आई आणि कोजो कोरेच होते. सकाळपासून त्यांनी तीन वेळा कुंचला बुडवला आणि तिन्ही वेळा हात आपोआप निळ्याकडे गेला. पन्नास वर्षांची सवय. बाईंकडे नमुना म्हणून बघायचा त्यांना संकोच वाटत होता, आणि बाई मुद्दाम खिडकीतून बाहेर बघत होत्या.

इलाहीभाईंनी नजर फिरवली. सव्वीस वर्षं ज्या टेबलाच्या एका बाजूला ते बसत होते, त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला अण्णा बसलेले होते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कोपर टेबलावर.

"अण्णा," इलाहीभाई म्हणाले, "हात इकडं करा."

अण्णांनी आयुष्यभर फोटोत हात मागे घेतले होते. लग्नाच्या फोटोतसुद्धा ते अंतरपाटाच्या आड होते. आता त्यांनी हात पुढे केला आणि उजेडात कागदाशेजारी ठेवला. इलाहीभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून पाहिलं. त्यांनी तपकिरी घेतला, त्यात थोडा तांबडा, थेंबभर पिवळा, मग जांभळा, मग पुन्हा तपकिरी, आणि दर वेळी हाताशी लावून बघितलं. बोटांच्या पेरांवर वेगळा, मनगटावर वेगळा, कोपराशी आणखी वेगळा. सात रंग लागले. काळ्या शाईच्या बाटलीचं बूच त्यांनी उघडलंच नाही.

"हलवू नका," ते दोनदा म्हणाले. अण्णा हलले नाहीत. हाताला मुंग्या आल्या तरी हलले नाहीत. कागदावर एक आई तिच्या मुलाला वाढत होती, आणि दोघांचंही नाक, डोळे, ओठ, सगळं स्वच्छ दिसत होतं.

पान जवळजवळ पुरं झालं तेव्हा इलाहीभाई थांबले. त्यांनी कोजोच्या हनुवटीखालच्या जागेकडे बघितलं, मग अण्णांच्या तळव्याखाली टेबलावर पडलेल्या सावलीकडे, आणि अगदी चोरट्या आवाजात विचारलं, "अण्णा, हितं थोडं निळं घालू का?"

अण्णांनी आपल्या हाताकडे नीट निरखून पाहिलं. खरंच होतं तिथं निळं.

"सावलीपुरतं घाल," ते म्हणाले.